राबाची भातशेती व नायट्रोजनाचा प्रश्न : जुन्नर-आंबेगावचा डोंगरपट्टा

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्यावर आणि त्याच्या पूर्व उतारावर पसरलेला आहे. भात हे तेथील मुख्य खरीप पीक होय. या पट्ट्यातील जमिनीत पिकाला उपलब्ध होणाऱ्या नायट्रोजनाचे प्रमाण अल्प असते. या उणिवेला भाताची वनस्पती आपल्या परीने तोंड देते आणि शेतकरी आपल्या परीने. शेतकऱ्याचा परंपरागत उपाय म्हणजे ‘राब’, म्हणजे रोपे तयार करावयाची जमीन पालापाचोळा व शेण यांनी भाजण्याची पद्धत. राबासाठी रानातील टहाळ लागत असल्यामुळे गेल्या दीड शतकात या पद्धतीचा संबंध शेतीशास्त्राबरोबरच वनविषयक कायद्यांशी व डोंगरी रहिवाशांच्या हक्कांशीही आला.

प्रदेश व जमीन : जुन्नर तालुक्यातून कुकडी, मीना, पुष्पावती व आर या नद्या वाहतात, तर घोड ही आंबेगाव तालुक्यातील प्रमुख नदी आहे. घाटमाथ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे तो झपाट्याने कमी होत जातो. त्यामुळे एकाच तालुक्यात पश्चिमेस भात, नाचणी व वरई, तर पूर्वेस बाजरी व ज्वारी अशी विभागणी परंपरेने झालेली आढळते. डोंगराळ भागातील वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी जमातीची आहे. ठाकर व कातकरी लोकही येथे राहतात. कोकण व देश यांना जोडणारा नाणेघाट याच भागात असून प्राचीन काळी जुन्नर ही मोठी व्यापारपेठ होती. जुन्नर येथील लेण्यांतील एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याचा उल्लेख आहे. यावरून या परिसरातील धान्यव्यवहाराचे प्राचीनत्व लक्षात येते.

येथील जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली असून काही माथ्यांवर जांभा आढळतो. फॉस्फरस, पोटॅशियम इ. मूलद्रव्ये खडकाच्या झिजेतून जमिनीस मिळतात. नायट्रोजनाचे तसे नाही. बेसाल्टात तो जवळजवळ नसतोच. जमिनीतील बहुतेक सर्व नायट्रोजन हा सूक्ष्मजीवांनी हवेतून स्थिर केलेला, पावसाबरोबर आलेला किंवा वनस्पती व प्राणी यांच्या अवशेषांतून परत मिळालेला असतो. उतारावरील उथळ जमिनीत असे अवशेष टिकत नाहीत आणि जोराच्या पावसात विद्राव्य नायट्रेट वाहून अथवा झिरपून जाते. उन्हाळ्यात वाळलेली जमीन पहिल्या पावसाने ओली झाली की, सूक्ष्मजीवांची क्रिया एकदम वाढून थोड्या काळात बराच नायट्रोजन मोकळा होतो. परंतु त्या वेळी शेतात पीक उभे नसते. भाताची लावणी (आवणी) होईपर्यंत या नायट्रोजनाचा मोठा भाग नाहीसा झालेला असतो.

उतार तोडून, दगडी बांध घालून आणि माती अडवून तयार केलेल्या खाचरांत भात घेतला जातो. हे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातील नसल्याने गावातील लोकांनी एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबून खाचरे तयार करण्याची ‘पडकई’ ही प्रथा येथे रूढ झाली. खाचर पाण्याबरोबर मातीही धरून ठेवते. मातीतील सेंद्रिय अंश आणि त्यातील नायट्रोजनही त्यामुळे टिकतो. या दृष्टीने खाचराचा बांध हा खताइतकाच महत्त्वाचा ठरतो.

वनस्पतीचा प्रतिसाद : एक टन भाताच्या उत्पादनासाठी पीक जमिनीतून सु. १५ ते २० किग्रॅ. नायट्रोजन घेते. पाण्याखालील चिखलात ऑक्सिजन अत्यल्प असल्याने तेथे नायट्रोजन मुख्यत्वे अमोनियमाच्या रूपात राहतो व भाताची मुळे तो त्याच रूपात शोषून घेतात. मुळांतील हवेच्या पोकळ्यांतून थोडा ऑक्सिजन बाहेर झिरपतो. त्यामुळे मुळांभोवती काही अमोनियमाचे नायट्रेट बनते व तेही पिकास मिळते. मुळांच्या पेशींच्या पटलात अमोनियम व नायट्रेट आत घेणारी विशिष्ट वाहक प्रथिने असतात. आत आलेल्या अमोनियमाचे ग्लुटामीन सिंथेटेज व ग्लुटामेट सिंथेज या एंझाइमांच्या साहाय्याने ॲमिनो अम्लांत रूपांतर होते.

पुरवठा कमी पडला म्हणजे वनस्पती आपली वाटणी बदलते. मुळांची लांबी वाढते आणि खोडपानांच्या तुलनेत मुळांचे प्रमाण जास्त होते. स्ट्रायगोलॅक्टोन या हॉर्मोनांच्या क्रियेमुळे फुटव्यांच्या कळ्या सुप्त राहतात. जितक्या लोंब्या पोसता येतील तितकेच फुटवे धरावयाचे, अशी ही काटकसर असते. जुन्या पानांतील हरितद्रव्य व प्रथिने यांचे विघटन होऊन त्यांतील नायट्रोजन कोवळ्या पानांकडे आणि पुढे दाण्यांकडे नेला जातो. म्हणूनच नायट्रोजनाच्या कमतरतेचा पिवळेपणा प्रथम खालच्या पानांच्या टोकांवर दिसतो. दाण्यांत साठणाऱ्या नायट्रोजनाचा बहुतांश भाग अशा रीतीने पानांतून परत काढलेला असतो. कमतरता तीव्र असल्यास पीक खुजे राहते, फुटवे व लोंबीतील दाणे कमी होतात आणि उत्पादन घटते.

ही क्षमता सर्व वाणांत सारखी नसते. २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी एका नायट्रेटवाहक प्रथिनाच्या जीनातील फरकामुळे इंडिका गटातील भात जॅपोनिका गटातील भातापेक्षा नायट्रेटाचा अधिक चांगला उपयोग करतो, असे दाखवून दिले. २०२१ मध्ये फुटव्यांच्या संख्येवर नियंत्रण ठेवणाऱ्या दुसऱ्या एका जीनाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नायट्रोजनाच्या थोड्याशा वाढीलाही फुटव्यांच्या रूपाने भरघोस प्रतिसाद देणारा या जीनाचा प्रकार, नायट्रोजन कमी असलेल्या प्रदेशांतील जुन्या वाणांत अधिक प्रमाणात आढळला. भरपूर खतावर वाढवलेल्या आधुनिक वाणांतून तो बव्हंशी गळून गेला होता. गरीब जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेलेले वाण त्या जमिनीशी जुळवून घेतात, या शेतकऱ्यांच्या अनुभवास या संशोधनामुळे आनुवंशिकीचा आधार मिळाला.

राब पद्धत : सह्याद्रीच्या भातपट्ट्यात रोपे तयार करण्याच्या वाफ्याला ‘दाढ’ म्हणतात. हिवाळ्यात ऐन व इतर झाडांच्या फांद्या छाटून टहाळ वाळवतात. उन्हाळ्यात दाढीच्या जागेवर शेणाचा किंवा शेण्यांचा थर, त्यावर टहाळ, त्यावर पातेरा व गवत आणि सर्वांत वर बारीक मातीचा पातळ थर घालतात. नंतर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आग सरकेल अशा बेताने राब पेटवतात. मातीच्या थरामुळे ज्वाळा उठत नाहीत आणि राब सावकाश जळून खालची जमीन चांगली भाजून निघते. पाऊस पडल्यावर भाजलेल्या जमिनीत बी पेरतात व रोपे पुरेशी वाढली की, ती उपटून चिखलणी केलेल्या खाचरांत लावतात.

दाढीचे क्षेत्र लावणीच्या क्षेत्राच्या सु. एक-दशांश असते. सर्व खाचरांना पुरेल इतके खत डोंगरी शेतकऱ्याजवळ कधीच नसे. जवळचे सर्व शेण व पाला एक-दशांश जमिनीवर एकवटून जोमदार रोप तयार करावयाचे आणि त्या शिदोरीवर त्याला निकृष्ट खाचरात पाठवावयाचे, हे या पद्धतीमागील सूत्र होय. रोपाच्या पानांत साठलेला नायट्रोजन आणि दाट मुळ्या यांमुळे लावणीनंतर ते लवकर मूळ धरते. भाजल्याने तणांचे बी जळून जाते, हाही राबाचा मोठा फायदा आहे. अन्यथा ऐन पावसात दाढीची निंदणी करणे अवघड असते.

वन कायदा व राबाचा प्रश्न : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने रानांवर आपला ताबा पक्का करण्यास सुरुवात केली. १८७८ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव व संरक्षित वनांची व्यवस्था लागू झाली आणि टहाळ तोडणे, गुरे चारणे, डोंगरउतारावर रान जाळून वरई-नाचणी पेरणे या सर्वांवर निर्बंध आले. वन अधिकाऱ्यांच्या दृष्टीने छाटलेले झाड म्हणजे इमारती लाकडाचे नुकसान होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने तेच झाड पुढील वर्षाचे खत होते. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत या निर्बंधांविरुद्ध मोठा असंतोष निर्माण झाला. त्याची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १८८५ मध्ये वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये सादर झाला. राबासाठी लागणारा पाला हा त्या चौकशीतील एक प्रमुख विषय होता. आयोगाचे कार्यक्षेत्र घाटाखालचे असले, तरी घाटमाथ्यावरील भातशेतीची गरज तीच होती.

राब ही उधळपट्टी आहे की आवश्यकता, याविषयी शेती अधिकाऱ्यांतही मतभेद होते. झाडाची पाने जाळल्याने त्यांतील नायट्रोजन हवेत निघून जातो. तीच पाने कुजवून खत केल्यास तो जमिनीस मिळेल, असा आक्षेप घेतला जाई. दुसरीकडे, न भाजलेल्या दाढीतील रोपे भाजलेल्या दाढीतील रोपांइतकी जोमदार होत नाहीत, हा शेतकऱ्यांचा अनुभव होता. भारतीय शेतीची पाहणी करण्यासाठी आलेले रसायनशास्त्रज्ञ जे. ए. व्होल्कर यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात शेती व वने यांच्या संबंधांचा विस्ताराने विचार केला. जळण व वैरण यांसाठी खास राने राखावीत, म्हणजे शेण जाळले न जाता खतासाठी उरेल, असे त्यांचे प्रतिपादन होते.

राबाचे संशोधन : या वादाचे शास्त्रीय उत्तर पुण्याहून आले. पुणे येथील कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड एच्. मॅन यांनी एन्. व्ही. जोशी व एन्. व्ही. कानिटकर यांच्यासह केलेला पश्चिम भारतातील राब पद्धतीचा अभ्यास भारताच्या कृषी विभागाच्या रसायनविषयक ग्रंथमालेत १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. राबाचा परिणाम मुख्यतः राखेतील क्षारांमुळे होत नसून जमिनीला मिळणाऱ्या उष्णतेमुळे होतो, असे या अभ्यासातून दिसून आले. त्याच सुमारास, १९०९ मध्ये, इंग्लंडमधील रॉदॅमस्टेड येथे रसेल व हचिन्सन यांनी जमीन तापवून तिचे अंशतः निर्जंतुकीकरण केल्यास तिची उत्पादकता वाढते, असे दाखवून दिले होते.

यामागील कार्यकारण आज अधिक स्पष्ट झाले आहे. तापल्यामुळे जमिनीतील सेंद्रिय द्रव्य व मृत सूक्ष्मजीव यांतून अमोनियम मोकळे होते. अमोनियमाचे नायट्रेट बनविणारे जंतू उष्णतेने मोठ्या प्रमाणात मरतात व त्यांची संख्या पुन्हा वाढण्यास अवधी लागतो. त्यामुळे अमोनियम अमोनियमाच्याच रूपात काही आठवडे टिकते. ते मातीच्या कणांना धरून राहत असल्याने पहिल्या जोरदार पावसात नायट्रेटाप्रमाणे धुऊन जात नाही. पानांतील नायट्रोजन जळून जातो, हा आक्षेप बरोबरच होता. परंतु ती पाने प्रामुख्याने खत म्हणून नव्हे, तर इंधन म्हणून उपयोगी पडत होती. जमिनीतच अडकून पडलेला नायट्रोजन योग्य वेळी मोकळा करणे हे राबाचे कार्य होते. असे असले तरी, दरवर्षी भाजल्याने जमिनीतील सेंद्रिय अंश खर्ची पडतो आणि तो भरून काढण्यासाठी पुन्हा रानावर अवलंबून राहावे लागते, ही या पद्धतीची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. रान विरळ होत गेले तसतसा राबासाठी पालाही कमी पडू लागला.

खाचरातील नायट्रोजन : काहीही खत न घालता त्याच खाचरात वर्षानुवर्षे भात कसा पिकतो, हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ पडला होता. पी. के. दे यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात भातखाचरातील पाण्यात वाढणारी नील-हरित शैवले हवेतील नायट्रोजन स्थिर करतात, हे दाखवून दिले. ॲनाबीना, नॉस्टॉक, ऑलोसायरा इ. प्रजातींचा यांत समावेश होतो. अनुकूल परिस्थितीत या शैवलांमुळे हेक्टरी सु. २० ते ३० किग्रॅ. नायट्रोजन मिळू शकतो. याखेरीज मुळांच्या सान्निध्यात राहणारे काही जंतूही नायट्रोजन स्थिर करतात. भातानंतर उरलेल्या ओलीवर घेतलेली हरभरा, मसूर, वाल यांसारखी द्विदल पिकेही जमिनीस हातभार लावतात. खते दिलेल्या शेतातही भाताला मिळणाऱ्या नायट्रोजनाचा निम्म्याहून अधिक भाग जमिनीतूनच येतो.

पाण्याखालील जमिनीत नायट्रोजन नष्ट होण्याचा मार्गही याच सुमारास उलगडला. खाचरातील चिखलाचा वरचा पातळ थर ऑक्सिजनयुक्त, तर खालचा थर ऑक्सिजनहीन असतो. वरच्या थरात पसरलेल्या अमोनियमाचे नायट्रेट होते. ते खालच्या थरात उतरल्यावर तेथील जंतू त्याचे वायुरूप नायट्रोजनात रूपांतर करतात व तो हवेत निघून जातो. जपानी शास्त्रज्ञांच्या या शोधातून, अमोनियमयुक्त खत पृष्ठभागावर न फेकता चिखलात खोल घालावे, हे तत्त्व निष्पन्न झाले.

रासायनिक खते व सुधारित जाती : १९५१ मध्ये सिंद्री येथील कारखान्यात अमोनियम सल्फेटाचे उत्पादन सुरू झाले. जपानी भातशेती पद्धतीचे प्रयोग मुंबईजवळील बोरिवली येथील कोरा केंद्रात झाले व १९५३ पासून तिचा देशभर प्रसार करण्यात आला. गादीवाफ्यावरील रोपे, ओळीतील लावणी, कोळपणी आणि भरपूर खत ही तिची अंगे होत. गादीवाफ्यामुळे राबाला प्रथमच संघटितपणे सुचवलेला पर्याय पुढे आला. १९६६ मध्ये फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ ही बुटकी जात प्रसृत केली. उंच देशी वाणांना जास्त नायट्रोजन दिल्यास ते लोळतात. बुटक्या जाती लोळत नाहीत व दिलेल्या खताचे धान्यात रूपांतर करतात. मावळपट्ट्यात मान्यता पावलेली इंद्रायणी ही जात आंबेमोहोर-१५७ व आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळ येथील संशोधन केंद्रात तयार झाली व १९८७ मध्ये प्रसृत करण्यात आली. स्थानिक सुवास आणि परदेशी खुजेपणा यांचा मेळ तिच्यात आढळतो.

तथापि बुटकेपणाला किंमतही होती. बुटकेपणा आणणाऱ्या जीनामुळे वनस्पतीची नायट्रोजन शोषून घेण्याची कार्यक्षमता काही अंशी घटते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसून आले. म्हणजेच नव्या जातींना अधिक खत मानवते, तसेच ते त्यांना लागतेही. दिलेल्या युरियापैकी सामान्यतः ३० ते ४० टक्केच नायट्रोजन भातपिकाच्या वाट्यास येतो. घाटमाथ्यावरील मुसळधार पावसात खाचरे बांधावरून वाहू लागली म्हणजे ही हानी आणखी वाढते. ज्या शेतकऱ्याचे सर्व उत्पादन घरी खाण्यातच संपते, त्याला वाहून जाणाऱ्या खताचा खर्च परवडणारा नसतो.

चारसूत्री पद्धत : ही अडचण लक्षात घेऊन डॉ. ना. के. सावंत यांनी चारसूत्री भातशेतीची पद्धत पुढे आणली. भाताचे तूस व पेंढा यांचा पुन्हा वापर, गिरिपुष्पाच्या पाल्याचे हिरवळीचे खत, ठराविक अंतरावरील नियंत्रित लावण आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या (ब्रिकेट) चिखलात खोचणे, ही ती चार सूत्रे होत. चार रोपांच्या चौकोनात मध्यभागी सु. २·७ ग्रॅ. वजनाची एक गोळी ७ ते १० सेंमी. खोल घालतात. हेक्टरी सु. १७० किग्रॅ. गोळ्या लागतात व त्यांतून ५७ किग्रॅ.च्या आसपास नायट्रोजन मिळतो. खोल घातल्यामुळे तो अमोनियमाच्या रूपात टिकतो व मुळांना हळूहळू मिळत राहतो. या पद्धतीत राबातील जुनी सूत्रे नव्या रूपात दिसतात : तुसाची राख दाढीत येते, रानातील टहाळाऐवजी बांधावर लावलेल्या गिरिपुष्पाचा पाला येतो आणि थोडे खत नेमक्या जागी एकवटण्याची युक्ती कायम राहते. २०१५ पासून देशात युरियाला निंबोळी तेलाचे लेपन सक्तीचे करण्यात आले. नायट्रेट बनण्याची क्रिया मंदावणे हा त्याचाही एक हेतू आहे.

बदललेली परिस्थिती : १९८५ हे वर्ष या पट्ट्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले, तसेच जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील अनेक गावांचा अनुसूचित क्षेत्रात समावेश झाला. पहिल्या निर्णयाने रानाचा वापर मर्यादित झाला, तर दुसऱ्याने तेथील रहिवाशांच्या विशेष हक्कांना मान्यता मिळाली. कुकडी प्रकल्पातील धरणांमुळे नदीकाठची सखल जमीन पाण्याखाली गेली. घोड नदीवरील डिंभे धरणात तालुक्याला ज्याच्यावरून नाव मिळाले, ते जुने आंबेगावही बुडाले. खोऱ्यातील गाळाची, म्हणजे नायट्रोजनाने तुलनेने समृद्ध, जमीन गेल्यावर विस्थापितांपैकी अनेकांना उतारावरील हलक्या जमिनीचाच आधार उरला. या काळात पडकईच्या प्रथेला नवे महत्त्व आले. ‘शाश्वत’ या संस्थेने पडकईच्या कामांना रोजगार योजनांची जोड मिळावी म्हणून प्रयत्न केले. तिला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळून दीडशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर उतारावरील सपाटीकरण, विशेषतः यंत्राने केलेले, कितपत सुरक्षित आहे याची चर्चा सुरू झाली. हाताने, दगडी बांध घालून, पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवून केलेले खाचर आणि यंत्राने घाईने कापलेला उतार यांतील फरक त्या चर्चेत महत्त्वाचा ठरतो.

२००६ च्या वनहक्क अधिनियमाने वनोपज गोळा करण्याचे व वनसंपत्तीच्या परंपरागत वापराचे सामूहिक हक्क मान्य केले. त्यामुळे १८७८ पासून चालत आलेला टहाळाचा प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला आहे. रान टिकविणे व रानाच्या आधाराने पीक काढणे या दोन गोष्टींचा मेळ घालणे हे त्यातील मुख्य आव्हान होय. वनस्पतीच्या पातळीवर संशोधनाचा रोख आज कमी नायट्रोजनावर पुरेसे पिकणाऱ्या जाती निर्माण करण्याकडे आहे. त्यासाठी लागणारे गुणधर्म जुन्या स्थानिक वाणांत असण्याची शक्यता मोठी आहे. हे वाण प्रामुख्याने आंबे-हातवीज, आहुपे यांसारख्या डोंगरी गावांतील लहान खाचरांतून, घरच्या बियाण्याच्या रूपाने टिकून राहत आले. खत घेण्याची ऐपत नसलेल्या शेतकऱ्यांनी निवडलेल्या बियाण्याचे मोल खताचा खर्च कमी करू पाहणाऱ्या शेतीशास्त्राला आता कळू लागले आहे. म्हणून या वाणांच्या जतनाबरोबर ते ज्या खाचरांत व ज्या रानाच्या आधाराने टिकले, त्यांचे जतन होणेही आवश्यक आहे.